उघड्या डोक्याची सोयरीक

शुक्रवार पेठेतला जोतीराम घोंगडीवाला शपथ घेण्यात लई पुढं. तीस सालच्या उन्हाळ्यात चौकातल्या सभेत कुणी चहा सोडला, कुणी विडी सोडली. जोतीरामाला दोन्ही सुटण्यासारखं नव्हतं. मग त्यानं डोक्यावरची पांढरी गांधी टोपी उंच धरून आरोळी ठोकली, "स्वराज्य मिळंस्तवर हिच्याबिगर डोईला दुसरं काय लावणार न्हाय!" टाळ्या पडल्या. त्या फुकटात पडल्या, ह्याचा त्याला जास्त आनंद.

थोड्याच दिवसांत सोलापुरावर मार्शल लॉ बसला. पांढरी टोपी दिसली की सोजीर ती बंदुकीच्या दस्त्यानं उडवायचे, वर माणसालाही धरून न्यायचे. सगळी पेठ बोडकी झाली. जोतीरामानं टोपी ज्वारीच्या कणगीत पुरली न् तोही तसाच हिंडू लागला.

अशात मैंदर्गीहून कोंडीबा धनगर आला. त्याची पोरगी जोतीरामाच्या लेकाला द्यायची, आज सुपारी फोडून साखर वाटायची. गल्लीच्या तोंडापासून त्याला उघडीच डोकी दिसत आली. दारात व्याहीही तसाच. कोंडीबानं नारळ खाली ठेवला न् गळा काढला, "अरारारा! कोण गेलं ओ पावणं?"

"कोण बी न्हाय. टोपी गेली."

"मग पटका बांधा की."

"शपथ हाय."

"मग टोपी घाला."

"सोजीर हायत."

कोंडीबा मटकन बसला. "बोडक्यानं मौतीला जात्यात, सुपारी फोडाय न्हाय. गावात काय सांगू? ही सोयरीक ऱ्हाऊ द्या."

जोतीरामाची बायको गोजाबाई चुलीपासनं उठून आली. "तीन ठिकाणं ह्यांच्या जिभंनं मोडली. ही चौथी डोस्क्यानं मोडतीया! काढा ती टोपी भाईर. टाळ्या घेताना ग्वाड लागल्या न्हवं?"

जोतीरामानं कणगीत हात घातला. टोपी चढवली तर दाणे कानांवरून घरंगळले. कोंडीबानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि गल्लीत बूट वाजले.

शपथ घेणाऱ्याचं तोंड टोपीपेक्षा पांढरं झालं. त्यानं डोळे गच्च मिटले. गोजाबाईनं टोपी हिसकली, उताणी केली, पुड्यातली साखर तीत काठोकाठ ओतली.

दारात गोरा सोजीर, मागं आपलाच शिपाई. "कसली गर्दी हाय?" शिपाई गुरकावला.

"लेकाची सोयरीक जमलीया, दादा. त्वांड ग्वाड करा." तिनं टोपीच पुढं केली.

सोजीरानं आत पाहिलं. एक म्हातारा भल्याथोरल्या पटक्यात, दुसरा डोळे मिटलेला, केसांत ज्वारी. त्यानं मूठभर साखर तोंडात कोंबली, बोटं चाटली न् चालता झाला. शिपायानंही घेतली.

कोंडीबानं सुपारी हातात घेतली. "घरच्यांच्या आदी सरकारानं साखर खाल्ली. आता सोयरीक मोडायची कुणाची छाती हाय ओ?" म्हणत त्यानं ती फोडली.

जोतीराम अजून तसाच बसलेला. "गेलं का?"

"गेलं," गोजाबाई म्हणाली. "डोळं उघडा. पोराचं लगीन ठरलं."