उघडी पोथी

धर्माच्या अभ्यासासाठी मी एका मोफत संकेतस्थळावर जुन्या पोथ्या वाचते. काल तिथे आमचीच पोथी दिसली, मीच स्कॅन करायला दिलेली. पानाच्या कडेला आईच्या बोटाचा कुंकवाचा डाग तसाच होता. आता ती कुणालाही, कुठेही वाचता येईल, याचा आनंद व्हायला हवा होता. पण पोथी उघडी टाकून आईने आम्हाला कधी उठू दिलं नाही. अध्याय संपला की लाल फडक्यात बांधायची, मगच पाणी प्यायचं.

मी चहा टाकायला उठले, तेव्हा शेजारी बसलेल्या आईने स्क्रीनकडे पाहत विचारलं, "पोथी मिटलीस ना गं?"

"हो," म्हणत मी लॅपटॉप मिटला. आईने त्या झाकणालाच हात जोडले. मला मात्र तिचा डाग तिकडे कुणाकुणासमोर उघडा दिसत राहिला.