काकांचा खडबडीत पंख

बोगद्यात वारा सोडून विमानाचे पंख तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सुतारकाका तीस वर्षं लाकडी नमुने घासत होते. त्यांच्या पंखावरून माशीही घसरायची. यंदा एआयने वाऱ्याची खळबळ शमवणारा, बारीक उंचवट्यांचा पंख आखला. मशीनने तो कोरला. काकांनी ते उंचवटे मशीनची चूक समजून साफ घासून टाकले.

"काका, तोच तर शोध होता!" संशोधक बाईंनी कपाळाला हात लावला. "आज चारला चाचणी, मग बोगदा वर्षभर बंद! मशीनला नवा कोरायला दोन दिवस लागतील!"

काकांनी आराखडा समोर टांगला आणि उंचवटे हातानेच पुन्हा कोरायला पटाशी उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम खडबडीत काम करताना त्यांना शाळा बुडवल्यासारखं हसू फुटत होतं.

चार वाजता वाऱ्याची वाट दाखवायला बोगद्यात सोडलेला धूर पंखावरून शहाण्यासारखा सरळ गेला. साठीचे काका काचेला नाक लावून ओरडले, "बाई, वाढवा वारा! अजून वाढवा!"