चाकाखालचं लिंबू

गाडी दुरुस्त करायची की काढून टाकायची, एवढं विचारायला मी देवीच्या दारात गेले आणि तिथंही लबाडी केली. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझं पुण्य काही नाही. लोक म्हणतात, तुझी भक्ती मोठी म्हणून देवी धावली. डोंबलाची भक्ती! मी तर तिला फसवायला गेले होते.

आमची पिकअप गाडी मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घेतली तेव्हा माझे केस काळे होते. धारवाडात सप्तापूरच्या मागच्या गल्लीत आम्ही राहतो. आधी मालक जल्ली, म्हणजे बांधकामाची खडी, आणि विटा वाहायचे. मग कंबर धरली, तेव्हा चुरमुऱ्याच्या भट्टीचं काम घेतलं. भट्टीवरून पोती उचलायची आणि दुकानं, गिरमिटाचे गाडे यांना पोचवायची. कॉलेजची पोरं संध्याकाळी गिरमिट खातात ना, त्यातले निम्मे चुरमुरे आमच्या गाडीतून गेलेले. तीन वर्षांमागं मालक गेले. दीर, आमचे भाऊजी, म्हणाले, ‘वहिनी, गाडी विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे.’ त्या एका वाक्यावर मी गाडी शिकले. बाराव्याला दोन दिवस झाले नव्हते, मी मैदानावर क्लच सोडत होते. आमची आई म्हणते तसं, माझा सगळा जन्म मोडेन पण वाकणार नाही यातच गेला.

गाडीशी माझं बोलणं होतं, भांडणही होतं. चढाला दम खाल्ला की मी तिला शिव्या द्यायची आणि वर पोचली की डॅशबोर्डवर थाप मारायची, मालक मारायचे तशी. त्यांच्या बोटांनी झिजलेला गिअरचा दांडा हातात आला की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग यंदा संक्रांतीनंतर तिनं काळा धूर सोडायला सुरुवात केली. भाऊजींना आयतंच कारण मिळालं. हुबळीला गोकुळ रोडवर एक मेस्त्री आहे, त्याच्याकडं नेली. तो इंजिन बघून म्हणाला, खोलावं लागेल, पण होईल. वर म्हणाला, अक्का, एकदा खालूनही बघून घेतो. मी म्हटलं, तुला इंजिन दाखवायला आणलीय, इंजिनचं सांग. त्या बिचाऱ्यानं बॉनेट लावून टाकलं. मला ऐकायचं होतं ते मिळालं होतं, त्यापुढचं ऐकायला मी थांबलेच नाही.

तरी मनात किडा वळवळत होता. रात्रंदिवस एकच, दुरुस्त करू की बदलू. भाऊजी रोज एक नवी गाडी सांगायचे आणि मी रोज जुनीचं एक कौतुक सांगायची. शेवटी ठरवलं की देवीलाच विचारू. माझं माहेर अळणावरच्या बाजूला आहे, तिथली ग्रामदेवी कौल देते. दोन पाकळ्या पाण्यात भिजवून तिच्या दोन खांद्यांवर लावायच्या, मनातलं बोलायचं, कुठली आधी पडते ते बघायचं. गावातली लग्नं, विहिरी, वाटण्या, सगळं त्या पाकळ्यांवर ठरतं. त्याच सुमाराला भारत हुण्णिमे, म्हणजे माघातली पौर्णिमा, आली होती. गावातल्या बायका दरसाल यल्लम्माच्या डोंगराला जातात, यंदा त्यांची ठरलेली गाडी ऐनवेळी मिळाली नाही. मी म्हटलं, माझी आहे की. अकरा बायका आणि केबिनमध्ये माझी ऐंशीच्या पुढची आई. कौलही होईल आणि यात्राही होईल.

मालकांनी त्या गाडीत कधी माणसं बसवली नाहीत. कुणी लग्नाला मागितली, कुणी जत्रेला, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, हिच्यात माणसं भरायची नाहीत. मी त्यांना चिडवायची की बायकोपेक्षा गाडीला जपता. ते हसायचे आणि विषय बदलायचे. त्या दिवशी सकाळी मागं सतरंजी अंथरताना त्यांचं ते वाक्य मला आठवलं होतं. आठवलं आणि मी ते बाजूला सारलं. देवाचं काम आहे, त्याला काय होतंय, असं मनाशी म्हटलं.

देवळापुढं जरा उतार आहे. गाडी तिथंच लावली, हँडब्रेक ओढला आणि बायकांना घेऊन आत गेले. देवळाच्या मंडपाला लोखंडी खांब बसवायचं काम चाललं होतं, वेल्डिंगचं सामान बाहेर पडलं होतं, पण करंट गेला होता म्हणून कामावर कुणी दिसत नव्हतं.

आता माझी लबाडी सांगते. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, विचार. विचारायला हवं होतं, ठेवू की काढू. मी काय विचारलं? दुरुस्ती आत्ता करायची असली तर उजवी दे, पाडव्यानंतर करायची असली तर डावी दे. म्हणजे पाकळी कुठलीही पडो, गाडी घरातच. जन्मभर बाजारात घासाघीस केलेली बाई मी, देवीशीही तेच केलं. हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि आतून मी जिंकल्यासारखी बसले होते.

पाकळ्या पडेनात. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. बायकांनी दोनदा आरती म्हटली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पुन्हा पाणी शिंपडलं. दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथं. शेवटी गुरव माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, ‘बाई, काय विचारलंत ते तुम्हाला ठाऊक. पण तिला उत्तर द्यायला जागा ठेवलीत का?’

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चारचौघांत असं बोललेलं मला खपत नाही, त्यातून खरं बोललेलं तर मुळीच नाही. मी उठले. म्हटलं, ऊन वाढतंय, डोंगर लांब आहे, चला. देवी गप्प राहिली तर राहू दे, माझं मी बघते. देवीवर रुसून देवळाच्या पायऱ्या उतरणारी मी त्या गावातली पहिलीच असेन.

बायका गाडीत चढायला लागल्या. आईला केबिनमध्ये बसवलं. यात्रेला निघताना चारी चाकांखाली लिंबू ठेवायचं आणि ते चिरडून पुढं जायचं, ही आमच्याकडची रीत. मी घाईघाईनं, खाली न बघता बाहेरूनच हात घालून, तीन चाकांखाली ठेवली. चौथं, मागच्या उजव्या चाकाखालचं, ठेवलं आणि ते उतारानं सरळ गाडीखाली गडगडत गेलं. माझ्या पिशवीत दुसरं लिंबू नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे, तीन पुरे. दार उघडून चढणार तोच आईनं माझा पदर धरला. ती फार बोलत नाही. म्हणाली, ‘देवीचं लिंबू आहे. वाक आणि काढ.’

मी पाय आपटत मागं गेले. गुडघे टेकले, एक हात जमिनीवर ठेवला आणि गाडीखाली डोकावले. लिंबाच्या पलीकडं दोन अनवाणी पाय होते.

आधी मला वाटलं, मेलेलं माणूस आहे. मग पायाची बोटं हलली. तो माणूस आतल्या बाजूनं बरोब्बर मागच्या चाकापुढं आडवा होता. लिंबू जागेवर राहिलं असतं तर मी किल्ली फिरवून निघाले असते. मी इतक्या जोरात ओरडले की गुरव बाहेर पळत आला. खालून एक पस्तिशीचा माणूस डोळे चोळत सरपटत निघाला. मंडपाचं काम करणारा वेल्डर होता तो. धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी अशी बाहेरची कामं घ्यायचा. करंट नाही, ऊन मी म्हणत होतं, तेव्हा सावली बघून गाडीखाली आडवा झाला होता. मी त्याला कन्नडमध्ये आणि मराठीत, जी तोंडाला येईल त्या भाषेत झाडलं. अक्कल आहे का, बायकोपोरं आहेत का, मेला असतास तर माझ्या माथी आलं असतं. तो सगळं ऐकून घेत होता. माझा श्वास संपला तेव्हा त्यानं मागं बसलेल्या बायकांकडं बघितलं आणि म्हणाला, ‘ई गाडी तगोंड होगब्याड्री अक्का, ही गाडी नेऊ नका. माणसं तर ह्यात बसवूच नका.’

मी विचारलं, का रे बाबा, तुझी झोपमोड झाली म्हणून? तो हसला नाही. म्हणाला, झोप लागेपर्यंत वर बघत होतो, उठल्यावर गाडीवाल्याला सांगायचं ठरवलं होतं. या, तुम्हीच बघा.

मी लुगड्याचा काष्टा खोचला आणि अख्ख्या गावादेखत धुळीत उताणी झोपले. इतक्या वर्षांत मी त्या गाडीला आत-बाहेर पुसलं, धुतलं, पूजलं, पण खालून कधी बघितलं नव्हतं. ज्याच्यावर सगळी गाडी उभी असते तो चासीचा लांब दांडा माझ्या नाकावर होता. केबिनच्या मागं त्याला एक पट्टी जोडलेली होती आणि पट्टीच्या कडेनं दांडा असा फाटला होता की त्यात बोट गेलं असतं. वेल्डरनं हातोडीनं नुसतं टिचकीसारखं ठोकलं. गंजाचे पापुद्रे सुटले आणि माझ्या गालावर, कपाळावर पडले. तो सांगत होता की चुरमुऱ्याची पोती म्हणजे हवाच, म्हणून आजवर निभावलं. बारा माणसांचं वजन घेऊन डोंगराचा चढ चढताना हे टिकलं नसतं. इंजिन नवं घाला, काही घाला, हाड मोडलंय. पुन्हा पट्टी मारतो म्हणणारा भेटला तर त्याचं ऐकू नका, मी स्वतः वेल्डर असून सांगतो.

मी त्याच्याकडं बघत नव्हते. मी त्या पट्टीकडं बघत होते. पट्टीवर निळा रंग होता. आमच्या घराच्या दाराला मालकांनी जो रंग दिला होता तोच, तसाच जाड हातानं फासलेला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. जल्ली वाहताना कधीतरी चासी तडकली असणार, त्यांनी पट्टी मारून घेतली, मला घोर नको म्हणून सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून हलकं सामान धरलं. कंबर धरली हे खरं, पण ती त्यांची एकट्याची नव्हती. हिच्यात माणसं भरायची नाहीत, ते याच्यासाठी होतं. मी ज्यांची आठवण म्हणून गाडी सोडत नव्हते, त्यांचं एवढं एकच सांगणं मी त्या सकाळी मोडलं होतं. गाडीखाली पडल्या पडल्या मी रडले. मालक गेल्यावर लोकांसमोर रडले नव्हते, तेवढं सगळं तिथं निघालं.

बाहेर आले तेव्हा आई केबिनमधून उतरली होती. पदरानं तिनं माझ्या तोंडावरचा गंज पुसला आणि म्हणाली, ‘पडला बघ तुझा कौल.’

बायका त्या दिवशी बसनं डोंगराला गेल्या. मी गेले नाही. मी पुन्हा देवळात गेले आणि गुरवाला म्हटलं, आता नीट विचारते, पाकळ्या लाव. त्यानं नाही म्हटलं. एकदा दिलेलं उत्तर परत विचारायचं नसतं, म्हणाला. मग मी विचारलं काहीच नाही. डोकं तिच्या पायरीवर टेकवलं आणि बराच वेळ तशीच राहिले. तिच्या खांद्यांवर पाकळ्या अजून होत्या, सुकून चिकटलेल्या. माझ्या सगळ्या शहाणपणाला तिनं एका शब्दानंही उत्तर दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी गाडी मोडीत काढली. चालू स्थितीत द्या, गिऱ्हाईक मी आणतो, असं सांगणारे दोघं भेटले. मी म्हटलं, माझ्या नवऱ्यानं हिच्यात माणसं बसवली नाहीत, मी दुसऱ्याची बसवायला देणार नाही. भाऊजींच्या तोंडावर सांगितलं की तुमचं खरं होतं. ते इतके गांगरले की त्यांना चहा गोड लागला की कडू तेही कळलं नसेल. मग बेलूरला जाऊन त्या वेल्डरला शोधून काढलं. बसप्पा त्याचं नाव. तीन वापरलेल्या गाड्यांखाली तो माझ्यासाठी शिरला, दोन नको म्हणाला, तिसरी मी घेतली. गोकुळ रोडच्या मेस्त्रीकडंही नेली आणि म्हटलं, बाबा, या वेळी वरून बघ, खालून बघ, वाटेल तिथून बघ.

लोक मला विचारतात, ते लिंबू देवीनं गडगडवलं का? मी सांगते, उतार होता. करंट गेला म्हणून तो माणूस झोपला होता, हेही खरं. मी यावर कुणाशी वाद घालत नाही. मला इतकंच ठाऊक आहे की मला हवं ते उत्तर मिळावं म्हणून मी सगळ्या वाटा बंद करून गेले होते, आणि जी एक वाट उरली होती ती जमिनीलगत होती. त्या वाटेनं ती आली. बसप्पाचा जीव, अकरा बायका, माझी आई, सगळं तिनं माझ्या हट्टाच्या हातून सोडवून घेतलं, आणि जाता जाता मालकांचा निरोपही पोचवला. यापेक्षा जास्त काय मागायचं असतं, मला माहीत नाही.

आता रोज सकाळी भट्टीवर निघण्याआधी मी गाडीच्या मागं जाते, गुडघे टेकते, एक हात जमिनीवर ठेवते आणि खाली बघते. कुणी झोपलंय का, काही तुटलंय का. गुडघे दुखतात, पण चुकवत नाही. गल्लीतल्या बायकांना वाटतं, ही गाडीला नमस्कार करते. मी ते कधी खोडून काढलं नाही.