आमचा पट आणि गल्लीतला कॅरम

त्या संध्याकाळी वीज गेली तशी बायको म्हणाली, "या आता, बसा समोर." मी कंदील लावला. पट जमिनीवर पसरलेलाच होता, आदल्या दिवसापासूनचा. ताटलीत मुरमुरे आणि दोन हिरव्या मिरच्या घेऊन ती येऊन बसली आणि आम्ही सोंगट्या खेळलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. काही वेगळं घडलं असतं तर निदान ती संध्याकाळ उठून दिसली असती. पण तसाच उकाडा होता, आणि बाहेर ओट्यावर गल्लीतल्या क्लबची पोरं वीज कधी येते म्हणून ओरडत होती. त्यांच्या कॅरमवरचा दिवा गेला होता ना.

मी पुढे होतो. माझ्या तीन सोंगट्या मधल्या घरात गेलेल्या, तिची एकही नाही. तिचं नेहमीचंच, दोन सोंगट्या एका घरात जोडीनं ठेवायच्या आणि जोडीनंच चालवायच्या. जोडी असली की समोरच्याला मारता येत नाही. पण अशानं पुढे सरकायला जन्म जातो. मी तिला किती वर्षं सांगितलं, की सोड एकीला, पळव दुसरीला. ऐकलं नाही.

मग तिनं कवड्या खाली ठेवल्या आणि डोळे चोळले. म्हणाली, आज पुरे, उद्या खेळू.

मी म्हटलं, "हरायला लागलीस की डोळे दुखतात तुझे."

"हरतंय कोण? एवढी हौस असेल तर गुंडाळा ना तुम्ही पट."

मी गुंडाळला नाही. का, ते सांगतो. तिच्या माहेरची रीत होती. डाव अर्धा असेल तर पट जागचा हलवायचा नाही, भले चार दिवस त्याला वळसा घालून चाला. जो मध्येच पट गुंडाळील तो हरला. आणि नुसतं हरून भागायचं नाही, तोंडानं 'हरलो' म्हणायचं. त्यामुळे आमच्या एका खोलीत कितीतरी वेळा आम्ही भिंतीला घासून चाललो, पण पटाला कोणी हात लावला नाही.

आम्ही सांगलीकडचे. मी चौथी शिकलो आणि मामाबरोबर इकडे बंगालात गलाईच्या धंद्यात आलो. गलाई म्हणजे जुनं सोनंचांदी वितळवून त्यातली घाण काढायची. भट्टी बहूबाजारात आणि बिऱ्हाड बागबाजारात. मूलबाळ झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कुणी विचारायला नको. लग्नात तिनं भांडी थोडी आणली आणि पट आणला. काळ्या कापडावर रंगीत दोऱ्यानं घरं भरलेली, चार पट्टे फुलीसारखे. सोळा लाकडी सोंगट्या, सहा कवड्या. सगळं एका साखरेच्या डब्यात.

घरमालकीण बंगाली. पहिल्यांदा तिनं आम्हाला खेळताना बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्यांच्यात लग्नानंतर नवरानवरीला कवड्या खेळायला बसवतात. तिला वाटलं, या दोघांचं लग्न अजून आटपलंच नाही. पुढे रोज जिना चढताना विचारायची, संपलं का तुमचं लग्न? मलाही टोमणा ठरलेला. तुम्हा मराठ्यांच्या भीतीनं आमच्या पूर्वजांनी इथंच खंदक खणला, आणि बघा, शेवटी तुम्ही भाडं भरायला आलात. माझी बायको तिला दीदी म्हणायची. पटाची घरं पुसट झाली तेव्हा दोरा दीदीनंच आणून दिला.

सुरुवातीला, म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत, पटाला माणसं होती. दर रविवारी दोन मराठी कुटुंबं यायची, एक बँकेतलं, एक रेल्वेतलं. साहेब लोक, पण जमिनीवर मांडी घालून बसायचे. दुपारचं जेवण झालं की पट पडायचा आणि चहापर्यंत भांडणं. रेल्वेतल्या वहिनी कवड्या हातात घोळवत बसायच्या, टाकायच्याच नाहीत. बँकेतले भाऊसाहेब पंचवीस पडले की उठून नाचायचे. डाव राहिला तर पुढच्या रविवारपर्यंत तसाच.

मग बँकेतल्यांची बदली झाली. त्यांच्या जागी दुसरे आले, तेही शिकले, आणि तेही गेले. मग रेल्वेतले गेले. लोक म्हणतात पट जुना झाला, कॅरम नवा म्हणून जिंकला. खोटं आहे. कॅरमही काही काल जन्मलेला नाही. आमच्या पटाला बदल्यांनी मारलं. तिघं-चौघं माणसं वर्षानुवर्षं त्याच खोलीत त्याच वेळी यायला लागतात, तेव्हा कुठे पटाला रंग चढतो. कॅरमला ते नको. अर्ध्या तासात खेळ खलास, पावडर झटका आणि चालू लागा. समोरचा बंगाली की बिहारी काही अडत नाही. गल्लीगल्लीत दिवा टांगून पोरं खेळतात, तुम्ही उभे राहिलात तर सरकून जागा देतात. मीही भट्टीवरून येताना कधीतरी उभा राहायचो. खेळ वाईट नाही, हे मला मान्य आहे. ती मात्र त्या टकटकीचा आवाज आला की खिडकी लावायची.

तिला एकच हवं होतं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायकांच्या कार्यक्रमाच्या दिवशी एकदा तिचा पट पडावा. चारचौघींत, नीट. तिथं सगळ्या शिकलेल्या बायका, गाणी म्हणणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या. हिला मोदक वळण्याशिवाय कोणी काही विचारायचं नाही. तीन वर्षं ती म्हणायची आणि गप्प बसायची. शेवटी मीच मंडळाच्या चिटणिसाला जाऊन सरळ विचारलं, की कॅरमच्या स्पर्धेला तुमच्याकडे जागा आहे, बक्षिसं आहेत, मग पटाला का नाही? तो बिचारा सभ्य माणूस. म्हणाला, काका, बाजूला कोपरा देतो की.

ती महिनाभर त्या पटाची किनार शिवत होती. सोंगट्यांना नवा रंग दिला. त्या दिवशी ट्राम बदलून आम्ही बालीगंजला गेलो तर डबा तिनं मांडीवर धरलेला, मला घेऊ दिला नाही.

कोपऱ्यात तिनं पट पसरला आणि तिघी बसल्या. एकीला आजीमुळे थोडं येत होतं, बाकीच्या दोघींना शून्य. ही समजावत होती, हसत होती, दुसऱ्याच्या सोंगट्याही हीच चालवत होती. त्यांच्या मुली येऊन वाकल्या. घरं मोजायला लागल्या ती बंगालीत, आणि मोजता मोजता चुकल्या. ही त्यांना मराठीत मोजून दाखवायला लागली तर त्या पळाल्या. समोर कॅरमवर टाळ्या पडत होत्या. मग एक बाई म्हणाली, माझा नंबर आलाय, एक डाव खेळून येते हं. ती आली नाही. दुसरी तिला बघायला गेली. आजीवाली तेवढी बसून राहिली, पण तिलाही कोणीतरी आरतीच्या तबकासाठी हाक मारली.

ही एकटीच पटासमोर. कवड्या हातात. मी लांबून बघत होतो आणि जाऊन बसावं असं वाटत होतं, पण बायकांच्या कार्यक्रमात मी कसा बसणार?

आरतीला जागा करायची म्हणून एक पोरगी आली. चांगली, अदबीची मुलगी. तिला आमची रीत काय ठाऊक. तिनं पटाची चार टोकं उचलली, सोंगट्यांसकट गाठोडं केलं आणि हिच्या हातात दिलं. "काकू, हे तुमचं."

ही उठली. गाठोडं पोटाशी धरून हळूच म्हणाली, "हरले."

पोरीला वाटलं काय, ती हसून म्हणाली, "कॅरममध्ये का काकू?"

तिथं त्या शब्दाचा अर्थ कळणारा मी एकटाच होतो. पट गुंडाळला दुसऱ्यानं, पण म्हणायचं कोणीतरी म्हणायला हवं, म्हणून तिनं म्हटलं. परतताना ट्राममध्ये ती बाहेर बघत राहिली. बागबाजार आलं तेव्हा एवढंच म्हणाली, की आता घरीच खेळू आपण.

त्यानंतर आम्ही दोघंच. दोन रंग तिचे, दोन माझे. वीज जायला लागली तेव्हापासून जरा जास्तच. दिवा गेला की गल्लीतला कॅरम बंद, आणि आमच्याकडे कंदिलात पट चालू. ती म्हणायची, सरकारला आपली दया आली. मालकीणबाई खालून ओरडायच्या, बसले का नवरानवरी?

तर त्या संध्याकाळी डाव अर्धा राहिला. वीज आली. पंखा सुरू झाला तसा पटाचा एक कोपरा उडायला लागला, तिनं त्यावर पाणी प्यायचा तांब्या ठेवला. जेवलो. झोपलो.

सकाळी मी दूध घेऊन आलो तरी ती उठली नव्हती. हाक मारली. खांद्याला हात लावला तर गार.

मी खाली जाऊन मालकीणबाईंना सांगितलं. त्या धावत आल्या, मागून दोन बायका आल्या. कॅरमची पोरं दारात येऊन उभी राहिली, एकजण डॉक्टरला आणायला गेला. डॉक्टर आला, नाडी बघितली, मान हलवून गेला. मालकीणबाई रडत रडत म्हणाल्या, तिला आता खाटेवरून खाली घ्यायला हवं. बरोबर होतं. पण आमच्या खोलीत माणूस आडवं करण्याएवढी जमीन तेवढीच, आणि तिथं पट होता. त्यांनी वाकून पटाला हात घातला.

मी म्हटलं, "दीदी, राहू दे. ते माझं काम."

तांब्या उचलून बाजूला ठेवला. सगळे बघत होते, आणि मी खाली बसून एकेक सोंगटी उचलायला लागलो. आधी माझ्या उचलल्या. तिच्या दोन एका घरात उभ्या होत्या, जोडीनं, त्या शेवटी. कवड्या डब्यात टाकल्या. कापडाची घडी ती घालायची तशीच घातली, दोनदा चुकली, परत घातली. मग खाटेकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हरलो."

मग जमीन पुसून घेतली आणि पोरांना आत बोलावलं, तिला खाली घ्यायला.