धुळ्याच्या चौथीत गुलाबाई

शाळेतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. शनिवारी कविता शिकवून घरी आलो की धोतराला कुसळं चिकटावीत तसे ते चिकटून येतात. तशी माझीही शाळा चौथीपर्यंतच! पण मला जुनी गाणी पाठ. म्हणून धुळ्यात मुलाकडे राहायला आल्यावर शेजारच्या सरला मॅडम म्हणाल्या, "आबा, शनिवारी आमच्या चौथीला कविता शिकवा ना."

गेलो.

* * *

पहिल्याच दिवशी कापसाच्या वेचणीचं गाणं म्हटलं. मग विचारलं, "कापूस कोणी कोणी पाहिलाय?"

सगळ्या वर्गाचे हात वर! मला बरं वाटलं. "कुठे पाहिला?"

पहिल्या बाकावरची रेवा म्हणाली, "मेडिकलमध्ये!"

* * *

दसऱ्यावर कविता करायची होती. मी सांगितलं, आमच्या धरणगावकडे सीमा ओलांडून जायचं आणि आपट्याचं सोनं आणायचं.

चिन्मयने हात वर केला. मग म्हणाला, "आबा, आमच्या कॉलनीला सीमा नाही, गेट आहे. आणि वॉचमन एकट्याला सोडत नाही!"

त्याने कविता वॉचमनवरच केली. चांगली झाली.

* * *

भादव्याची पुनव आली की माझा जीव गावाकडे ओढ घेतो. तिथे पोरी मातीची गुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली पार्वती, बसवतात. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी. गाणी झाली की झाकलेला डबा वाजवायचा आणि आतला खाऊ बाकीच्यांनी ओळखायचा. ओळखला नाही तर "हरलो" म्हणायचं, मगच डबा उघडतो.

आमच्या घरी थोरली बहीण, अक्का, अजून गुलाबाई बसवते. यंदा माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एवढा प्रवास जमला नाही. फोनवर ती म्हणाली, "भाऊ, औंदा शेवटली गुलाबाई. एकबी पोर येस नही. डबा कोन्हासाठे भरू?"



* * *

पुढच्या शनिवारी मुलांना म्हटलं, कवितेला आधी कान लागतो. डोळे मिटा. रेवाने कंपास वाजवायची, आत काय ते बाकीच्यांनी ओळखायचं.

तेवढ्यात दारात हेडसर! "हा कवितेचा तास आहे?"

चिन्मय डोळे न उघडताच म्हणाला, "शूऽऽ! ऐकू द्या!"

 रेवाने कंपास पुन्हा वाजवली. सरांनीही कान दिला. मग हळूच म्हणाले, "शार्पनर."

बरोबर निघालं!

* * *

कोजागिरीच्या आधीच्या शनिवारी वर्गातूनच अक्काला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अक्काची गुलाबाई आणि तिचा डबा मी मुलांना आधीच सांगितला होता. त्यांनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं:

"गुलाबाई, गुलाबाई, धुळ्याला ये गं,
चौथीच्या बाकावर जागा घे गं!"

"थांबा रे!" म्हणत अक्का उठली. 

मग ऐकू आलं, खुळखुळ, खुळखुळ.

"शेंगदाणे!" "फुटाणे!" "साखरफुटाणे!" "मॅगी!"

"नही रे बा!" अक्का हसत होती. पुन्हा खुळखुळ. पुन्हा सगळा वर्ग ओरडला. पुन्हा "नही!"

शेवटी मुलं थकली. "हरलो अक्का! काय आहे, सांगा ना!"

अक्का म्हणाली, "आते नही सांगाव. भाऊ, पुढला साले ह्या बठ्ठा पोरेसले लई ये, मंग उघडसू डबा!"