आप्पांचा खोकला आणि टोपलीतले पाच लावे

टोपलीतून शिट्टी आली की भिलाआप्पा खोकायचे.

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा शिट्टी आणि खोकला बरोबरच आले, तेव्हा माझ्यातला फॉरेस्ट गार्ड जागा झाला. नव्वदच्या दशकातला श्रावण, सुरतेजवळचा कडोदऱ्याचा हायवे. आप्पा आमच्या धुळ्याकडचे, राहायला नवागामला. लूमचं काम सुटल्यावर रस्त्याकडेला लावे पक्षी विकायचे. फार्मचे जपानी लावे चालायचे. रानातला लावा पकडणं गुन्हा.

“काय बघतो भो? फार्मचाच माल आहे.”

जाळीच्या खुराड्यातले लावे फार्मचेच होते. जाडे, विटकरी छातीचे, सुस्त. शंका होती ती मागच्या झाकलेल्या टोपलीची. पण महिन्यापूर्वीच मी एका फार्मवाल्याचे खरेखुरे जपानी लावे जप्त करून बसलो होतो. रेंज ऑफिसर साहेबांनी बजावलं होतं, “अजून एक खोटी केस, की तुझी बदली डांगात.”

मी कापडाची कड उचलून आत डोकावलो. मुठीत मावेल एवढा पक्षी, गळ्यावर काळ्या रेघा, छातीवर शाई सांडल्यासारखा डाग. रानातला नर! सोबत आणखी चार. हा पावसाळ्यात गवतात बसून दोन-दोनदा शिट्टी मारतो. उडायचा महा कंटाळा, पळतच राहतो; अंगावर पाय पडायची वेळ आली की मात्र सरळ वर उसळतो.

हे सगळं मला तोंडपाठ. खुराडं, टोपली आणि आप्पा, तिघांना ऑफिसात आणलं. साहेबांना ही माहिती ऐकवता ऐकवता मीच टोपलीचं कापड सोडलं.

पाचही लावे सरळ वर उसळले आणि खिडकीतून गेले. मी सांगितलं होतं अगदी तसेच.

साहेब शांतपणे गुजरातीत म्हणाले, “हवे पुरावो क्यां छे?” म्हणजे, आता पुरावा कुठाय?

“कसला पुरावा साहेब?” आप्पांचा खोकला पार बरा झाला होता. “फार्मचेच होते माझे.”

मला डांगची बस दिसू लागली. साहेबांनी रिकामी टोपली उचलली. “खुराड्याला वर जाळी, मग हिलाच कापड का?”

“जाळी लावली तर उसळून डोकं फोडून घेतात ना! फार्मचा कुठे उडतो साहेब, हे तर...”

आप्पा थांबले. मग खोकले.

आप्पांचं दंडावर भागलं, माझी बदली टळली. मेमो मात्र मिळाला. रानातले पक्षी सोडवणं हे ज्या खात्याचं काम, त्यात ते केल्याबद्दल मेमो खाणारा मी एकटाच असेन. धडा एवढाच: माहिती सांगायच्या आधी खिडकी लावावी.