वाखनिंगनची हवामानवेडी मंडळी

हवामानवेड्या माणसांत बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सायकलवरून भिजून यावं, कोट दाराशी टांगावा आणि थोड्या वेळाने खाली तळं झालेलं दिसावं, तसे ते आपोआप साचतात. माझ्याकडे साचलेत ते नेदरलँड्समधल्या वाखनिंगनचे. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या शेती विद्यापीठात पीएचडीसाठी जागा मिळाली आणि दोन हजार पाचच्या सुरुवातीला आम्ही पुण्याहून तिथे गेलो. तो दिवसभर टोमॅटोच्या रोपांत. मी घरात, हातात डच भाषेचं पुस्तक.

* * *

त्या पुस्तकातल्या तिसऱ्या धड्यात एक वाक्य होतं, ‘आज हवा छान आहे.’ बसस्टॉपवर एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे होते. म्हटलं, करू प्रॅक्टिस. तेच वाक्य त्यांना म्हणून टाकलं.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. म्हणाले, “छान? कोणत्या अर्थाने?”

आणि सुरू झाले. हा ढग कुठला, तो का पसरलाय, वारा दुपारनंतर कुठून येणार. त्यांची बस आली आणि गेली. माझीही गेली. हे हेंक. आयुष्यभर ऱ्हाईन नदीवर मालवाहू बोट चालवली आणि रिटायर झाल्यावर फक्त आभाळ बघायचं ठरवलं. शेवटी म्हणाले, “हे वाक्य सगळेच बोलतात. उत्तर ऐकायला थांबलेल्या तुम्ही पहिल्याच.”

थांबणार नाही तर काय? निरोप कसा घ्यायचा, तो धडा पुढच्या आठवड्यात होता.

* * *

अशी मी त्यांच्या कंपूत दाखल झाले. दर शनिवारी, बाजाराशेजारच्या बेकरीतलं कोपऱ्यातलं टेबल. हेंक, टिनेके आणि आणखी चारपाच जण. टिनेके पेशाने सुईण. तिकडे सुईण म्हणजे रीतसर शिकलेली, गाडीत सामान घेऊन घरोघरी फिरणारी बाई. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, आवाज खणखणीत.

नियम एकच. प्रत्येकाने पुढच्या शनिवारची हवा सांगायची. ज्याची चुकेल त्याने सगळ्यांना अ‍ॅपल टार्ट खिलवायचा. चुकलं की कुणी सबबी सांगायच्या नाहीत. “चुकलो,” म्हणायचं आणि काउंटरवर जायचं. पुण्यात वाढलेल्या मला ही गोष्ट पचायला जरा वेळ लागला.

हेंक फार चुकायचे. एकदा मी बेकरीवाल्या बाईंना विचारलं, “तुम्ही रेडिओवरचा अंदाज ऐकता की हेंकचा?”

“हेंकचा,” त्या म्हणाल्या. “ते ऊन म्हणाले की मी एक टार्ट जास्त भाजते आणि बाहेरच्या खुर्च्या आत घेते.”

* * *

मलाही थर्मामीटर दिला त्यांनी. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत मी तो लावला आणि रोज सकाळी आकडा कळवू लागले. माझ्याकडे रोज सगळ्या गावापेक्षा पाचसहा डिग्री जास्त. कुणी हसलं नाही. हेंक म्हणाले, “गावात असा उबदार कोपरा असू शकतो. बघायला हवं.”

सकाळी आले. बाल्कनीत उभे राहिले, हात मागे बांधून, आपल्याकडे डॉक्टर राउंडला येतात तसे. आत माझा कुकर लागला होता. पहिली शिट्टी झाली, खिडकीतून वाफेचा लोट आला, थेट थर्मामीटरवर.

हेंकनी तो लोट पाहिला, आकडा चढताना पाहिला. शनिवारी सगळ्यांना गंभीरपणे सांगितलं, “निदान झालं. स्थानिक वारे. तुरीच्या डाळीचे.”

पुढच्याच आठवड्यात ते स्वतः बनवलेली लाकडी पेटी घेऊन आले. पांढरी रंगवलेली, चारी बाजूंनी झडपा. स्क्रू, ड्रिल सगळं बरोबर. पेटी लावून झाली तेव्हा म्हणाले, “डाळ मात्र बंद करू नका.” आणि पोटभर वरणभात जेवून गेले.

* * *

दोन हजार सहाचा शरद ऋतू इतका उबदार, की टेबलावर सुतकी कळा आली. नोव्हेंबरात गुलाब फुललेले. टिनेके म्हणायची, “हे काय बरोबर नाही.” नेमक्या तेव्हाच माझ्या सासूबाई आल्या. युरोपची थंडी म्हणून आईंनी खास लोकरी कोट शिवून घेतला होता, घोट्यापर्यंत लांब. बागेत बाकावर नुसती शाल घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, “थंडी कुठेय गं?”

हे मी बेकरीत सांगितलं. मला वाटलं, हसतील. हेंकचा चेहरा पडला. आपल्या घरी पाहुण्याला चहा विचारायचा राहून जावा, तसा.

दुसऱ्या दिवशी दारात गाडी. “आईंना कोट घालायला सांगा.” आम्ही निघालो. नदी ओलांडली, सफरचंदांच्या बागा लागल्या. टिनेकेच्या भावाचं तिथे फळांचं शीतगृह होतं. त्याने भलंमोठं दार सरकवलं. आत छतापर्यंत सफरचंदांचे खोके आणि हाडं गारठवणारी थंडी.

आई आत गेल्या. कोटाची वरपर्यंत बटणं लावली, हात खिशात घातले आणि खोक्यांमधून सावकाश एक फेरी मारून आल्या. नाक लाल झालेलं. म्हणाल्या, “आता कसं, नेदरलँडला आल्यासारखं वाटलं.”

हेंकना मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी टोपी काढून आईंना लवून नमस्कार केला.

* * *

त्याच वर्षी गावच्या रेडिओने हेंकना बोलावलं. नाताळात बर्फ पडणार का, एवढंच विचारायचं होतं. आम्ही सगळे बेकरीत कान देऊन.

“नाताळात बर्फ पडेल?”

“माहीत नाही.”

“पण तुमचा काही अंदाज?”

“हाच अंदाज आहे,” हेंक म्हणाले. “मला माहीत नाही.”

निवेदकाने गाणं लावलं. आमच्या टेबलावर टाळ्या. एवढी वर्षं आभाळ बघून हे म्हणायला छाती लागते, असं टिनेके म्हणाली. या अंदाजाला टार्टचा नियम लागतो का, यावर मात्र दुपारपर्यंत वाद चालला.

* * *

आता एक किस्सा आदल्या वर्षीचा, दोन हजार पाचचा. नोव्हेंबर संपत आला होता, झाडांवर पानं अजून तशीच, आणि एका शुक्रवारी अचानक बर्फ आला. ओला, जड. पानांत अडकून फांद्या कडाकडा मोडत होत्या. रस्ते ठप्प.

आमच्या वरच्या मजल्यावर अनघा आणि प्रसाद राहायचे, सांगलीचे. अनघाचे दिवस भरत आलेले. प्रसाद आइंडहोव्हनला चिप बनवायच्या मशिनांवर इंजिनिअर. दुपारी निघाला आणि हायवेवर अडकला. आणि तेवढ्यात अनघाला कळा सुरू झाल्या. बाळंतपण हॉस्पिटलात करायचं ठरलं होतं, पण अ‍ॅम्ब्युलन्स कधी पोचेल, सांगता येईना. तिची सुईण टिनेकेच. मी तिला फोन केला.

“निघाले,” एवढंच म्हणाली.

अनघाने माझा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली. मला यातलं काही येत नव्हतं. पाणी तापवलं, टॉवेल काढले, पुन्हा पाणी तापवलं. देवाचं नाव घ्यायचंही सुचेना.

टिनेके आली ती चालत. भुवयांवर बर्फ, गुडघ्यापर्यंत ओली, बॅग छातीशी.

“गाडी?” मी विचारलं.

“टेकडीवर अडकलीय. यायचं की नाही, याचा तिचा विचार चाललाय.”

हात धुतले, अनघाला तपासलं आणि म्हणाली, “बाळ इथेच होणार.” अनघा रडायला लागली. “ताई, मला घरी जायचंय.”

“काय म्हणते?” टिनेकेने विचारलं. मी सांगितलं.

“मग सांग तिला, ती घरीच आहे.”

मी सांगितलं. का कोण जाणे, अनघा शांत झाली. त्यानंतर त्या खोलीत फक्त टिनेकेचा आवाज होता, एका लयीत, बोट वल्हवल्यासारखा. बाहेर फांद्या मोडत होत्या. तिने एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. आयुष्यभर जिने नोव्हेंबरातल्या अशा बर्फाची वाट पाहिली, तिने.

संध्याकाळी मुलगी झाली. गुटगुटीत, रडणं तर खालच्या मजल्यापर्यंत. प्रसादचा फोन आला, मी कसंबसं “मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत,” म्हटलं आणि लाइन तुटली.

टिनेकेने सगळं नीट आवरलं, बाळाला अनघाच्या कुशीत दिलं, पुन्हा एकदा दोघींना तपासलं. मग मला म्हणाली, “बर्फ किती पडला ते विचारायला हेंकचा फोन येईल. मी त्यांना हाच नंबर दिलाय.” आणि मोजपट्टी घेऊन बाल्कनीत गेली.

आत येते तोच फोन वाजला. हेंकच असणार, म्हणून तिनेच उचलला.

फोन प्रसादचा होता. तो टिनेकेशी हट्टाने डचच बोलायचा, त्याला बाळाचं वजन विचारायचं होतं, पण लाइन इतकी खरखरत होती की त्याने एकच शब्द ओरडून विचारला, “किती?”

“अठरा सेंटिमीटर,” टिनेके म्हणाली.

खरखरीतून प्रसाद पुन्हा ओरडला,

“हे... नॉर्मल आहे?”

“नोव्हेंबरच्या मानाने? मुळीच नाही. मी तर जन्मात असं पाहिलं नव्हतं,” टिनेके आनंदाने म्हणाली. “पण काळजी नको. उद्या दुपारपर्यंत वितळून जाईल.”